बोलीची लाज टाकलेली दोन पोरे

सीमाभागात भाषेचा प्रश्न म्हटला की काही ठरावीक गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे येतात. दुकानावरच्या पाट्या, जमिनीचे उतारे, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, बसवरचे फलक, मराठी शाळांतल्या रिकाम्या राहिलेल्या शिक्षकांच्या जागा आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा. हे सारे प्रश्न खरे आहेत. त्यांसाठी निवेदने देणे, मोर्चे काढणे, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करणे आणि १ नोव्हेंबरचा काळा दिन पाळणे हे आपण करीत आलो आहोत आणि पुढेही करणार आहोत. पण भाषेचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो कोणत्याही निवेदनात मावत नाही. घरात आपण जी बोली बोलतो, ती चारचौघांत बोलायची आपल्या मुलाला लाज वाटते का, हा तो प्रश्न.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही आज वाचकांना बरेच लांब, अमेरिकेतील अटलांटा शहरात नेणार आहोत. तेथील दोन तरुण पोरांनी १९९६ साली आपल्या गाण्यांचा दुसरा अल्बम काढला. त्या पोरांच्या जोडीचे नाव आउटकास्ट आणि अल्बमचे नाव एटीलियन्स. ज्या प्रकारचे गाणे ते गातात त्याला हिप-हॉप म्हणतात. आपल्या घरातील नातवंडे मोबाईलवर जे भराभर बोलण्यासारखे गाणे ऐकत असतात आणि आजोबा ज्याला गोंगाट म्हणून कानांवर हात ठेवतात, त्याच घराण्यातले हे गाणे. आजोबांनी आज थोडा वेळ कानांवरचा हात काढावा, एवढी विनंती.

हे गाणे आले कोठून?

हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉंक्स भागात १९७३ च्या ऑगस्टमध्ये झाला असे मानतात. एका इमारतीतील घरगुती कार्यक्रमात कूल हर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने दोन तबकड्यांवरून गाण्यातला फक्त तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, आणि त्या तालावर लयीत, यमके जुळवीत बोलण्याची रीत पुढे वाढली. वाद्यवृंद नाही, शास्त्रीय तालीम नाही, शिकवणीचे पैसे नाहीत. जवळ होते ते तोंड, ताल आणि सांगण्यासारखे काही. ज्यांनी डफावरचा पोवाडा ऐकला आहे, कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकत रात्र जागवली आहे, त्यांना या कलेचे मर्म समजावून सांगायला नको. शाहीर आणि रॅपर यांच्या रचनेत अंतर आहे, पण दोघांचेही भांडवल एकच: बोललेला शब्द.

पुढची वीस वर्षे या कलेची दोन माहेरघरे मानली गेली. पूर्व किनाऱ्यावरचे न्यूयॉर्क आणि पश्चिम किनाऱ्यावरचे लॉस एंजेलिस. दक्षिणेकडील राज्ये हिशेबातच नव्हती. दक्षिण म्हणजे कापसाची शेते, गुलामगिरीचा इतिहास, मागासलेली खेडी आणि शब्द ओढून, हेल काढून बोलणारी माणसे, अशी उत्तरेकडच्या शहरी लोकांची समजूत. यात विशेष असे की न्यूयॉर्कमधील कितीतरी कृष्णवर्णीयांचे वाडवडील दक्षिणेतूनच पोट भरायला उत्तरेला गेलेले होते. आजीची बोली नातवाला गावंढळ वाटू लागली होती. हे चित्र आपल्याला अनोळखी वाटू नये.

अटलांटा हे दक्षिणेतील जॉर्जिया राज्याचे राजधानीचे शहर. मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म १९२९ साली याच शहरातला. आपल्याकडच्या लोकांना हे नाव आठवते ते १९९६ च्या ऑलिम्पिकमुळे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत मिळवलेल्या पदकानंतर स्वतंत्र भारताला दुसरे वैयक्तिक पदक लाभले ते अटलांटात, लिअँडर पेसच्या रूपाने. ती स्पर्धा ४ ऑगस्टला संपली, पाहुणे परत गेले, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला त्याच शहरातल्या दोन पोरांचा हा अल्बम बाजारात आला.

तळघरातली शाळा

आंद्रे बेंजामिन आणि अँटवान पॅटन हे दोघेही १९७५ सालचे. पहिला पुढे आंद्रे ३००० म्हणून, दुसरा बिग बॉय म्हणून जगाला ठाऊक झाला. अटलांटाला लागून असलेल्या ईस्ट पॉइंट येथील ट्राय-सिटीज हायस्कूलमध्ये शिकताना त्यांची जोडी जमली. स्वतःला त्यांनी जे नाव घेतले त्याचा अर्थ 'बहिष्कृत', 'वाळीत टाकलेला'. तेही शब्दकोशातल्याप्रमाणे न लिहिता, उच्चाराला धरून आपल्या पद्धतीने लिहिले. नावाच्या शुद्धलेखनापासूनच त्यांनी प्रमाण भाषेशी आपले नाते काय ते सांगून टाकले होते.

त्यांचे खरे शिक्षण झाले एका तळघरात. रिको वेड या तरुणाच्या आईच्या घराखाली एक अर्धवट बांधलेले, मातीच्या जमिनीचे तळघर होते. त्याला ही मंडळी 'डंजन' म्हणजे अंधारकोठडी म्हणत. रिको वेड आणि त्याचे दोन सहकारी ऑर्गनाइज्ड नॉइझ या नावाने संगीत रचत. २०२४ साली रिको वेड वारला तेव्हा दक्षिणेतील संगीताचा एक पाया गेला असे लोकांनी म्हटले, ते त्या तळघरामुळे. वह्या भरून लिहायचे, एकमेकांना ऐकवायचे, फिके असेल तर खोडायचे, असा तेथील शिरस्ता. आमच्यासारख्या शिक्षकी पेशातील माणसांना या तळघराचा हेवा वाटावा, अशीच ती शाळा होती.

दोघे वीस वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा, १९९४ च्या एप्रिलमध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला. नाव इतके लांबलचक की एका दमात म्हणणे कठीण, पण त्या नावाची सुरुवातच 'सदर्न' म्हणजे दाक्षिणात्य या शब्दाने होते. त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. तरीही जाणकारांच्या दरबारात त्यांना पाट मिळाला नव्हता.

हुर्यो

३ ऑगस्ट १९९५ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'द सोर्स' या हिप-हॉपला वाहिलेल्या नियतकालिकाचा पुरस्कार समारंभ झाला. पूर्व आणि पश्चिम या दोन गटांतील वैर त्या रात्री सभागृहात उघड उघड पेटलेले होते. वर्षातील उत्तम नवी जोडी म्हणून आउटकास्टचे नाव पुकारले गेले आणि सभागृहाने हुर्यो उडवली. बिग बॉयने न्यूयॉर्ककरांविषयी आदराचे दोन शब्द बोलून पाहिले. मग वीस वर्षांचा आंद्रे पुढे आला. तो अडखळला, पण बोलला. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ एका वाक्यात मावतो: दक्षिणेलाही काही सांगायचे आहे.

हे वाक्य आज अमेरिकेत म्हणीसारखे वापरले जाते. पण त्या रात्री त्याची किंमत शून्य होती. सभेत टाळ्या मिळवणारे वाक्य बोलणे एकवेळ सोपे. आम्ही चळवळीतली माणसे, आम्ही अशी वाक्ये पुष्कळ ऐकली आहेत. प्रश्न असतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. काही सांगायचे आहे म्हणालात, तर मग सांगा, काय सांगायचे आहे ते.

घरी परतलेल्या या पोरांपुढे दोन सोप्या वाटा होत्या. एक, न्यूयॉर्ककरांसारखे बोलायला शिकायचे, हेल झाकायचा, त्यांच्यासारखे दिसायचे आणि त्यांच्या पंगतीत बसायचे. दुसरी, पुढच्या अल्बममध्ये न्यूयॉर्ककरांना पोटभर शिव्या घालायच्या. हुर्यो उडवली गेलेली माणसे बहुधा या दोहोंपैकी एका वाटेने जातात. पहिल्या वाटेने गेलेला स्वतःची भाषा हरवतो. दुसऱ्या वाटेने गेलेला आयुष्यभर समोरच्याविषयीच बोलत राहतो, म्हणजे त्याच्याही गाण्याचा विषय समोरचाच ठरवतो.

दुसरा अल्बम

या दोघांनी तिसरेच केले. त्यांनी ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेतली आणि ती चालवायला शिकले. पहिल्या अल्बमचे संगीत सर्वस्वी ऑर्गनाइज्ड नॉइझचे होते. दुसऱ्यातील काही गाण्यांचे संगीत या पोरांनी स्वतः रचले. ज्या गाण्याने अल्बम गाजला ते 'एलिव्हेटर्स' आणि ज्यावरून अल्बमला नाव मिळाले ते गाणे, ही दोन्ही त्यांतलीच. उस्तादांशी भांडण न करता, त्यांना सोबत ठेवूनच त्यांनी आपले हात मोकळे केले.

अल्बमच्या नावाकडे लक्ष द्यावे. 'एटीएल' हे अटलांटाच्या विमानतळाचे संक्षिप्त नाव, आणि लोकांच्या तोंडीही शहराचे तेच नाव झालेले. त्याला 'एलियन' हा शब्द जोडला. एलियन म्हणजे परग्रहावरचा जीव, आणि इंग्रजी कायद्याच्या भाषेत परका, परदेशी नागरिक. तुम्ही आम्हाला परके समजता काय, ठीक आहे, आम्ही परकेच, आमचा ग्रह अटलांटा, असा त्या नावाचा भाव. अल्बमसोबत एक चित्रकथेची पुस्तिका होती आणि मुखपृष्ठावरही ही पोरे चित्रकथेतील वीरांसारखी रंगवलेली होती. ज्या शब्दाने हिणवले जाते तोच शब्द उचलून बिल्ल्यासारखा छातीवर लावायचा, ही रीत जुनी आहे. आपल्याकडे बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पत्राचे नाव 'बहिष्कृत भारत' ठेवले होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आत गाण्यांत काय आहे? न्यूयॉर्कविषयी जवळजवळ काही नाही. आहे ते घरचे. आपल्या वस्त्या, तिथले रस्ते, मोटारी, देवळाप्रमाणे भरणारी चर्चे, वाया गेलेले मित्र, बाळाचा बाप झाल्यावर अंगावर आलेली जबाबदारी, देव आहे का आणि असेल तर आपल्याकडे पाहतो का हा विचार. 'एलिव्हेटर्स' या गाण्यात त्यांनी आपली शाळेपासूनची वाटचाल सांगितली आहे, आणि नाव झाले म्हणजे घरात पैशाचा पाऊस पडतो असे समजणाऱ्या जुन्या ओळखीच्या माणसाला उत्तरही दिले आहे. आंद्रेने या काळात दारू आणि गांजा सोडला होता, मांसाहार सोडला होता आणि डोक्याला फेटा गुंडाळायला सुरुवात केली होती. लोक हसले. तो गात राहिला. संगीतही बदलले. पहिल्या अल्बममधील चैनीचा थाट कमी झाला, तालात मोकळी जागा आली, आवाजाला विहिरीत बोलल्यासारखा घुमारा आला.

आणि बोली? ती तर एक इंचही हलली नाही. तोच ओढलेला स्वर, तीच गिळलेली अक्षरे, तेच गल्लीतले शब्द. फरक एवढाच की आता त्या बोलीत मृत्यूविषयी, श्रद्धेविषयी, बापपणाविषयी बोलले जात होते. ज्या बोलीत केवळ विनोद होतो असे लोक समजत होते, तिच्यात गंभीर विचार पेलता येतो हे सिद्ध झाले. आमच्या मते या अल्बमची खरी कामगिरी ती हीच.

लोकांनी काय केले? अल्बम अमेरिकेच्या सर्वसाधारण खपाच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरला. 'एलिव्हेटर्स' हे गाणे गाण्यांच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेले. पुढे अल्बमच्या वीस लाखांवर प्रती खपल्या.

एक गोष्ट लपवणे बरे नाही. या गाण्यांत शिवराळ शब्द आहेत आणि बायकांविषयी काही ठिकाणी जे बोलले आहे ते आम्हाला रुचत नाही. वर्गात लावावा असा हा अल्बम नाही. पण शाहिरी वाङ्मयातली प्रत्येक ओळ तरी आपण कोठे वर्गात शिकवतो? दोष दोषाच्या जागी ठेवून गुण घ्यावा.

शाळेत चाललेली दुसरी लढाई

अल्बम निघाल्यावर चार महिन्यांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या शाळा मंडळाने एक ठराव केला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता. ओकलंडच्या शाळांतील निम्म्याहून अधिक मुले कृष्णवर्णीय होती आणि अभ्यासात मागे पडत होती. मंडळाने म्हटले की ही मुले घरून जी बोली घेऊन येतात तिला तिचे स्वतःचे नियम आहेत, शिक्षकांनी ती समजून घ्यावी आणि तिच्या आधाराने मुलांना प्रमाण इंग्रजीपर्यंत न्यावे.

देशभर गदारोळ झाला. शाळेत आता गल्लीची भाषा शिकवणार, अशी थट्टा वर्तमानपत्रांतून आणि दूरदर्शन वाहिन्यांवरून झाली. कृष्णवर्णीयांतील काही नामवंतही विरोधात गेले. महिन्याभरातच मंडळाला ठरावाची भाषा बदलावी लागली. पण त्याच सुमारास, जानेवारी १९९७ मध्ये, अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञांच्या संस्थेने ठराव करून सांगितले की ही बोली इतर कोणत्याही बोलीप्रमाणे नियमबद्ध आहे, आणि तिला आळशी किंवा बिघडलेली भाषा म्हणणे चूक आणि अपमानकारक आहे.

नियमबद्ध म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. त्या बोलीत 'ही वर्किंग' म्हटले तर अर्थ होतो, तो आत्ता काम करतो आहे. 'ही बी वर्किंग' म्हटले तर अर्थ होतो, तो नेहमी काम करत असतो. शहरी कानाला दोन्ही वाक्ये सारखीच चुकलेली वाटतात. पण मराठी माणसाला 'करतो आहे' आणि 'करत असतो' यांतला फरक सांगावा लागत नाही. ती मुलेही हा फरक बिनचूक पाळतात. चुकतो तो ऐकणारा.

याआधी १९७७ साली मिशिगन राज्यातील अॅन आर्बर येथे एका प्राथमिक शाळेतील कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने दावा दाखल झाला होता. मुलांना वाचायला शिकवताना शाळेने त्यांच्या घरच्या बोलीचा विचार केला नाही, असा निर्णय न्यायाधीशांनी दिला आणि शिक्षकांना त्याबाबत प्रशिक्षण द्यायला लावले. शिक्षकाच्या मनात मुलाच्या बोलीविषयी नकळत जी नापसंती असते ती मुलाच्या शिकण्याच्या आड येते, हा त्या निकालातला मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो.

विल्यम लबॉव या भाषाशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९६० च्या दशकात केलेले काम शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. त्याच्या अभ्यासात आठ वर्षांचा एक मुलगा होता. साहेबी थाटात प्रश्न विचारले की तो एका शब्दात उत्तर देई किंवा गप्प बसे. त्याच्या भाषेचा विकासच झालेला नाही, असे कोणीही लिहून मोकळे झाले असते. मग पुढच्या वेळी प्रश्न विचारणारा बटाट्याच्या कापट्यांची पुडी घेऊन आला, मुलाच्या मित्राला बोलावले आणि स्वतः जमिनीवर बसला. तोच मुलगा मित्राचे बोलणे तोडून बोलू लागला. मुलगा मुका नव्हता. खोली परकी होती.

आपण यातून काय घ्यावे?

तुलना करताना तारतम्य हवे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी गुलामगिरी सोसली आहे. आपले दुःख त्या मापाचे नाही आणि तसे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. त्यांचा प्रश्न इंग्रजीतल्या एका बोलीचा, आपला प्रश्न राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत असलेल्या एका समृद्ध भाषेचा आणि तिच्या प्रशासनातील स्थानाचा. पण त्यांच्याशी मराठी माणसाचे नाते नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तेव्हा अटलांटाकडून एक धडा घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आपल्या मुलांची अडचण दुहेरी आहे. सरकारी कचेरीत त्यांची मराठी चालत नाही आणि पुण्यात शिकायला गेले की त्यांची मराठी 'कानडी हेलाची' म्हणून हसण्यावारी जाते. होय की, नाही की म्हणताना शेवटी येणारा तो 'की' ऐकून वसतिगृहातली पोरे नकला करतात. मग मुलगा काय करतो? तिकडे पुणेरी बोलायला शिकतो, इकडे आला की इंग्रजीचा आडोसा घेतो, आणि घरची बोली फक्त आजीशी बोलायची उरते. आजी गेली की तीही जाते. सरकारने न काढलेल्या परिपत्रकाने, न्यायालयाने न दिलेल्या निकालाने एक भाषा घरातून उठून जाते.

कानडीचा शेजार हा आपल्या बोलीचा कलंक मानण्याचे काहीच कारण नाही. अण्णा आणि अक्का, तूप आणि अडकित्ता हे शब्द कानडीतून आलेले असून पुण्याच्या वाड्यांतही ते शतकानुशतके सुखाने नांदत आहेत. त्यांनी घेतले की ते शब्दवैभव आणि आमच्या तोंडी आले की अशुद्ध, हा न्याय कुठला? कानडी भाषेशी आपले वैर नाही, कधीच नव्हते. आपली तक्रार सक्तीशी आहे. राज्यघटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे सांगितले आहे. त्या मातृभाषेत माउलीची बोलीही आली, असे आम्ही समजतो.

यावर काही पालक विचारतील, मग प्रमाण मराठी शिकवायचीच नाही का? शिकवायचीच. परीक्षा तिच्यात, ग्रंथ तिच्यात, न्यायालयातील आपली कागदपत्रेही तिच्यात. ओकलंडच्या ठरावाचा हेतूही मुलांना प्रमाण इंग्रजी यावी हाच होता. वाद आहे तो वाटेचा. घरच्या बोलीला थप्पड मारून मुलाला प्रमाण भाषेत ढकलायचे, की बोलीचे बोट धरून तेथवर न्यायचे? पहिल्या वाटेने गेलेले मूल पुष्कळदा दोन्ही भाषांत गप्प होते.

करण्याजोगे काही

कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांत लोकवर्गणीतून मराठी साहित्य संमेलने भरतात. खेड्यांनी स्वतःच्या खिशातून चालवलेला हा उपक्रम म्हणजे सीमाभागाचे भूषण आहे. त्या मंडपात पाहुण्या साहित्यिकांची भाषणे अवश्य व्हावीत. पण एक तास आपल्या पोरांना, आपल्या बोलीत द्यावा. कविता असो, गोष्ट असो, पोवाडा असो वा हे नव्या धर्तीचे भराभर गाणे असो. अट दोनच असाव्यात. शिवी नको आणि नक्कल नको, ना पुण्याची, ना मुंबईची.

आमची खरी सूचना याच्या पुढची आहे. पोर पहिल्यांदा उभे राहिले की आपण शाल, श्रीफळ, टाळ्या, वर्तमानपत्रात फोटो असे सगळे करतो आणि विसरतो. त्याच पोराला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावे आणि विचारावे, बाळा, या वर्षी नवे काय आणलेस? पहिल्या कामात उत्साह असतो, थोडे नशीबही असते. माणसाला खरोखर काही सांगायचे आहे की नाही हे दुसऱ्या कामात कळते. आउटकास्टचा पहिला अल्बम गुणी पोरांचा होता. दुसरा अल्बम आला नसता तर ते समारंभातले वाक्य हवेत विरून गेले असते.

शाळांच्या हस्तलिखितांत दोन पाने बोलीसाठी राखावीत. मुलांनी आजीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून आणाव्यात आणि त्या दुरुस्त न करता, जशा ऐकल्या तशा लिहाव्यात. वर्गात बोलीतला शब्द आला की शिक्षकाने 'असे म्हणत नाहीत' या ऐवजी 'पुस्तकात याला काय म्हणतात?' असे विचारावे. खर्च शून्य. आणि प्रत्येक गावात, तालमीच्या वरच्या खोलीत असो की वाचनालयाच्या मागच्या पडवीत, पोरांना वह्या घेऊन बसायला एक जागा असावी. ते तळघरही मातीच्याच जमिनीचे होते.

आउटकास्टचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. १९९८ साली त्यांचा तिसरा अल्बम 'अक्वेमिनी' निघाला. त्यातील एका गाण्याच्या शेवटी त्यांनी १९९५ च्या समारंभातले आंद्रेचे तेच बोलणे जसेच्या तसे घातले. २००३ साली निघालेल्या त्यांच्या दुहेरी अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कारांतील वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. २००६ नंतर दोघांनी मिळून नवा अल्बम काढलेला नाही. पण २०२५ साली अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांची नावे लागली. आणि ज्या अटलांटाची हुर्यो उडवली गेली, ते शहर आज हिप-हॉपची एक राजधानी मानले जाते. न्यूयॉर्कची पोरे अटलांटाच्या तालावर गातात.

गाण्याने दावा निकाली निघत नाही, हे आम्ही जाणतो. पाट्या, शाळा, कागदपत्रे यांसाठीचा लढा आपल्याला सनदशीर मार्गाने चालवायचाच आहे. पण ज्या दिवशी निकाल लागेल त्या दिवशी गावात मराठी बोलणारी, न लाजता बोलणारी पोरे असली पाहिजेत. नाहीतर तो निकाल वाचून दाखवायचा कोणाला? आपल्या पोरांना काही सांगायचे आहे. ते त्यांना त्यांच्या आईच्या बोलीत सांगू द्या. पहिल्यांदा ऐका, टाळ्या द्या, आणि दुसऱ्यांदा ऐकायला आवर्जून या.